दहावी जागा

तृप्ती पड्याळ त्या दिवशी परीक्षा द्यायला गेलीच नव्हती. मुलीचा चष्मा घरी टीव्हीपाशी राहिला होता, तो द्यायला ती गेली होती.

तिची मुलगी शर्वी वीस वर्षांची. ती सकाळी साडेनऊलाच मोरसडा विमानतळाच्या युवा केंद्रात जाऊन बसली होती. विमानतळ बांधताना चौदा गावांचा सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळाचं पठार, त्यात गेला होता. त्याच्या बदल्यात म्हणा किंवा शेजारधर्म म्हणून म्हणा, विमानतळाने एक समाज विभाग काढला. या विभागाने युवा केंद्र बांधलं, चौदा गावांतल्या मुलामुलींना यंत्रं दुरुस्त करायला, सामान तपासायला, चार परक्या माणसांशी न घाबरता बोलायला शिकवलं. तृप्ती जे पाळणाघर चालवायची त्यालाही याच विभागाने दोन खोल्या बांधून दिल्या होत्या आणि तीन मदतनीस बायका दिल्या होत्या. विमानात विसरलेली आणि नव्वद दिवसांत कोणी मागायला न आलेली खेळणीही तिथेच यायची. एखादी बाहुली कुठल्या देशातून आली असेल, हा तिथल्या बायकांचा जेवणाच्या सुट्टीतला आवडता विषय होता.

पण त्या दिवशीची परीक्षा मोठी होती. कोकणातल्या तीन लहान विमानतळांची वाहतूक आता मोरसड्याच्या एकाच खोलीतून सांभाळली जात असे. शिवाय मासळी, औषधं आणि हापूसच्या पेट्या नेणारी बिनमाणसांची मालवाहू विमानं दिवसभर येत-जात असत. बहुतेक काम यंत्र करायचं. तरी एका दूरच्या देशात यंत्राच्या भरवशावर सोडलेली दोन विमानं एकमेकांवर आदळल्यापासून कायदा असा झाला होता, की हवेतलं प्रत्येक विमान कुणा ना कुणा माणसाने मनात धरून ठेवलेलं असलंच पाहिजे. या कामाचं सरकारी नाव आकाशनिरीक्षक. गावातले लोक मात्र सरळ राखणदार म्हणत. दरवर्षी चौदा गावांतल्या दोघांना विमानतळ दोन वर्षं नागपूरला ठेवून हे काम शिकवत असे. त्या दोन जागांसाठी यंदा शहाऐंशी मुलं आली होती.

तृप्तीने चष्मा दिला आणि ती निघाली. दारातच डॉ. फरीदा मुकादमने तिला थांबवलं. ती परीक्षेच्या यंत्राची प्रमुख होती. यंत्र सुरू करण्याआधी ते नीट चालतंय का हे बघायला परीक्षेत नसलेलं एक डोकं हवं होतं. दहाच मिनिटं लागतील, असं फरीदा म्हणाली. तृप्तीला नाही म्हणता आलं नाही.

धातूचे पत्रे लावलेल्या एका खोलीत तिला बसवून कपाळाला रुंद पट्टा बांधला. पट्ट्यात वाटाण्याएवढ्या काचेच्या कुप्या होत्या आणि त्यांत एका धातूची वाफ कोंडलेली होती. मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा किंचित चुंबकत्व निर्माण होतं, इतकं किंचित की पृथ्वीचं चुंबकत्व त्याच्या कोट्यवधी पट भरतं. पूर्वी ते मोजायला खोलीएवढं यंत्र लागायचं. आता ही वाफ ते टिपते, म्हणून बाहेरचं चुंबकत्व अडवायला ते पत्रे. समोरच्या पडद्यावर चोवीस सारखे ठिपके होते. त्यातले काही क्षणभर चमकायचे आणि मग सगळेच इकडेतिकडे पळायला लागायचे. चमकलेले कुठे गेले, हे शेवटी सांगायचं. साध्या माणसाला चार ठिपके धरता येतात. चांगल्या राखणदाराला सहा. प्रत्येक धरलेल्या ठिपक्यासाठी मेंदूत एक वेगळी खूण उमटते, जणू एकेकासाठी एकेक जागा उघडते, आणि पट्टा त्या जागा मोजतो.

तृप्तीने नऊ धरले.

फरीदा पडद्यावरचा आकडा पुन्हा पुन्हा बघत राहिली, तेव्हा तृप्तीलाच अपराध्यासारखं वाटलं. दहावाही धरायचा होता का, असं तिने विचारलं. "जमला नाही," ती म्हणाली. "जागाच नव्हती."

दोन दिवसांनी समाज विभागाचे केदार सावर्डेकर पाळणाघरात आला. मुलं झोपली होती, म्हणून तो दारातच उभा राहून हळू आवाजात बोलला. नऊ हा आकडा देशात आजवर कुणाचा आलेला नाही. योजना पंचवीस वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि तृप्ती चव्वेचाळीसची, तरी वरिष्ठांनी अपवाद करायचं ठरवलंय. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा. तृप्तीने पहिला प्रश्न विचारला तो शर्वीचा. केदार जरा घुटमळला. शर्वीने सहा धरले होते, ती दुसरी आली होती. आईला पहिली धरलं तर ती तिसरी.

घरी आल्यावर तृप्तीने ते लपवलं नाही. शर्वीने सगळं ऐकून घेतलं आणि तू जा, असं सांगितलं. आवाजात कुठे राग नव्हता आणि तृप्तीला तेच समजेना. ती रागाची तयारी करून बसली होती. पाळणाघरातली एकेचाळीस मुलं रोज नजरेत ठेवावी लागतात, त्याची सवय असेल, असं ती स्वतःच समजावत राहिली. शर्वी नुसती हं हं करत होती. मग एकदम म्हणाली, "म्हणजे मी लहानपणी कुठेही लपले तरी तुला कळायचं, ते यामुळे."

त्यानंतर शर्वी घराबाहेर जाताना कुठे जाते ते सांगेनाशी झाली. सांगायची गरज काय, असं तिला वाटत असावं.

पुढच्या आठवड्यात फरीदाने तृप्तीला पुन्हा बोलावलं. या वेळी ठिपके नव्हते. पट्टा बांधून, डोळे मिटून नुसतं बसायचं होतं. काहीच धरायचं नसेल तर सगळ्या जागा मिटलेल्या दिसायला हव्यात. नऊ मिटलेल्या होत्या. दहावी उघडी होती.

फरीदाने तीन वेळा पट्टा बदलला. दर वेळी तेच. मग तिने तृप्तीला चहा दिला आणि जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तृप्तीच्या मेंदूत दहा जागा आहेत. त्यातल्या एका जागेत तिने कुणाला तरी धरून ठेवलंय. चोवीस तास, बहुधा झोपेतही, बहुधा कित्येक वर्षं. ते कुणीतरी हलतंय, फिरतंय, आणि तृप्तीची नजर त्याच्यावर आहे.

"शर्वी असेल," तृप्ती म्हणाली. तिला त्यात नवल वाटलं नाही.

हे तपासायचा एक मार्ग होता. एखाद्याची आठवण मनात आणली की मेंदूत त्याच्यासाठी जागा उघडते. पण तो माणूस आधीच धरलेला असेल, तर नवी जागा उघडत नाही, जुनीच उजळते. तृप्तीने शर्वीला मनात आणलं. नवी जागा उघडली. दहावी तशीच आपल्या चालीने चालत राहिली.

तृप्तीने प्रसादची आठवण काढली. प्रसाद तिचा नवरा, मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत मोटरमन, वर्षातले नऊ महिने समुद्रावर. पुन्हा नवीच जागा. आई, वारलेले वडील, भाऊ, सगळ्यांना नव्या जागा. दहावीतलं माणूस यातलं कुणीच नव्हतं.

फरीदाने आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती सांगणं तिचं कामच होतं. जी व्यक्ती पडद्यावर नाही तिला धरून ठेवणारा राखणदार चालत नाही. विमान डोळ्यांसमोर असताना लक्ष भलतीकडे ओढलं गेलं तर काय होईल सांगता येत नाही. पण यावर उपाय आहे. चुंबकाचे हलके ठोके देऊन ती जागा मिटवता येते. तीन वेळा बसावं लागतं, दुखत नाही. आठवण कुठलीच जात नाही, फक्त सतत नजर ठेवणं थांबतं. तृप्तीने सही करायची. महिनाअखेरपर्यंत.

प्रसादचा फोन आला तेव्हा जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. तृप्तीने त्याला सगळं सांगितलं. तो हसत होता. मग त्याने विचारलं, "म्हणजे तो मी नाही?"

तू नाहीस, असं तिने सांगितलं. शर्वीही नाही, हेही सांगितलं, त्याने बरं वाटेल म्हणून. तो जहाजावरच्या जेवणाबद्दल बोलायला लागला. पुढचे दोन फोन पाच-पाच मिनिटांतच संपले. तृप्तीला त्याची बाजू कळत होती. बायको रात्रंदिवस कुणाला तरी मनात धरून आहे आणि म्हणते मला माहीत नाही. यावर कोण विश्वास ठेवेल? तिचा स्वतःचा तरी कुठे बसत होता? भांडी घासताना, पोळ्या लाटताना ती मध्येच थांबून आत बघायचा प्रयत्न करायची. आत काहीच दिसायचं नाही. दिवसभर आपण कुणाकडे तरी बघतोय आणि आपल्यालाच ते कळत नाही, या विचाराने तिला आपलंच डोकं परक्याचं वाटायला लागलं.

मग तिने पाळणाघराचे हजेरीपट काढले. तेरा वर्षांचे तेरा. दोन दुपारी ती त्या पत्र्याच्या खोलीत पट्टा बांधून बसली आणि फरीदाने एकेक नाव वाचलं. तृप्तीला जवळजवळ प्रत्येक मूल आठवलं. कुणाला झोपताना कुणाचा तरी कान धरायला लागायचा, कुणी केळं सालीसकट खायचं. सहाशेच्या वर नावं झाली. प्रत्येकाला नवी जागा.

हे तिने शर्वीला सांगितलं ते निव्वळ दमून. शर्वी मोबाईलवर काहीतरी बघत होती. आईच्या डोक्यातलं ते माणूस आपण नाही, हे कळल्यापासून ती त्या विषयावर एक शब्द बोलली नव्हती. आता मान वर न करता तिने विचारलं, "हजेरीपट विमानतळाने दिले ना? त्याच्या आधीची मुलं?"

त्याच्या आधी पाळणाघर म्हणजे धावपट्टी बांधणाऱ्या मजुरांच्या वस्तीतली एक पत्र्याची शेड होती. तृप्ती तिथे स्वतःहून जायची, शर्वीचं बोट धरून. वही नव्हती, नावं लिहून ठेवायची कुणाला सुचलं नव्हतं. शर्वी तेव्हा पाच वर्षांची होती.

"एक मुलगी होती," शर्वी म्हणाली. "तिला तू एका माणसाकडे दिलंस. ती रडत होती आणि तू मला म्हणालीस, चल, तिचे काका आहेत ते."

तृप्तीच्या हातातलं काम थांबलं. तिला आधी धूळ आठवली, मग ऊन, मग त्या माणसाच्या हातातली पिशवी. मोगी नाव होतं तिचं. दोन वर्षांची. नंदुरबारकडच्या धडगाव भागातली टोळी होती. दुपारी टोळीचा मुक्काम हलला, आईबाप पहिल्या ट्रकने पुढे गेले, असं तो माणूस म्हणाला. मी काका. मुलीला घेऊन जातो. तृप्तीने मुलगी दिली. मोगी त्याच्याकडे जायला तयार नव्हती, पण त्या वयाची मुलं कुणाकडेच जायला तयार नसतात. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दुसऱ्या टोळीची मुलं आली. त्यानंतर तिने कधी याचा विचार केला होता का? तिला वाटत होतं, नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी फरीदाने नाव वाचायच्या आधीच तृप्तीने ते उच्चारलं. नवी जागा उघडली नाही. दहावी उजळली.

महिना संपायला नऊ दिवस राहिले होते. फरीदाने विचारलं, ठोके कधी सुरू करायचे. तृप्ती म्हणाली, आधी मला हे कळू दे की तो माणूस खरंच काका होता का.

ती केदारकडे गेली. बांधकामाच्या काळात फाटकावर मजुरांचे अंगठे घेत, त्यांच्या नोंदी कुठेतरी असणार. केदारने आधी नियम सांगितले. अशी माहिती बाहेर देता येत नाही. तृप्ती वाद घालत बसली नाही, तिने नुसतं घडलेलं सांगितलं. केदारला लहान मुलगी होती आणि तीही याच पाळणाघरात येत होती. त्याने वरिष्ठांची परवानगी काढली. त्यात चार दिवस गेले. जुन्या नोंदी शोधण्यात आणखी तीन. शेवटी एक नोंद सापडली. सायसिंग वळवी, सोबत एक मूल, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. पण मोगीच्या टोळीचा मुक्काम हलला त्याच्या दुसऱ्या दिवशीची. तृप्तीला पक्कं आठवत होतं की मुलगी त्याच दुपारी गेली. मग मधली एक रात्र ते मूल कुठे होतं? की हे मूलच दुसरं?

या धावपळीत महिना संपला. तृप्तीने सही केली नव्हती. केदारने नाइलाजाने कळवलं की पुढच्या वर्षी असा अपवाद होईलच, याची खात्री देता येत नाही. जागा शर्वीला गेली.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी शर्वी बॅग भरता भरता आईशेजारी येऊन बसली. बराच वेळ ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग तिने विचारलं, "तू मुद्दाम उशीर केलास का? माझ्यासाठी?"

तृप्तीने खूप विचार केला. हो म्हणाली असती तर शर्वीला ओझं झालं असतं आणि नाही म्हणाली असती तर वाईट वाटलं असतं. शिवाय दोन्हींतलं खरं कुठलं, हे तिला ठाऊक नव्हतं. "मला माहीत नाही गं," ती म्हणाली. शर्वीने मान हलवली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. तेवढ्यावर दोघींचं भागलं. प्रसादला तृप्तीने मोगीबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आधीच का नाही सांगितलंस. मला तरी कुठे माहीत होतं, हे तिने त्याला तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी त्याला ते पटलं असावं. फोन अर्धा तास चालला.

सायसिंग वळवीचा नंबर धडगाव भागातल्या एका शिक्षकांकडून मिळाला. त्याचा आवाज म्हातारा झाला होता. हो, विमानतळाच्या कामावरून एक मुलगी आणली होती, भावाची. पत्र्याच्या शेडमधल्या बाईकडून. पाऊस पडत होता, असं तो म्हणाला. तृप्तीला ऊन आठवत होतं. मुलगी चांगली आहे, आश्रमशाळेत बारावीला आहे, असं सांगून त्याने तिला फोन दिला.

मोगी स्वच्छ मराठीत बोलली. तिला विमानतळाचं काही आठवत नव्हतं. मुक्कामाच्या कितीतरी जागा झाल्या, सगळ्या सारख्याच होत्या. तृप्ती तिला काय काय विचारणार होती, त्यातलं काहीच सुचेना. तिने विचारलं, जेवलीस का. मोगी हो म्हणाली आणि मग हळूच विचारलं, तुमच्याकडे विमानं जवळून दिसतात का.

त्या आठवड्यात तृप्ती स्वतःहून फरीदाकडे गेली. जागा गेली होती, परीक्षा कसलीच नव्हती, तरी फरीदाने पट्टा काढला. दहावी आता मिटली असेल, असं दोघींनाही वाटत होतं. ती उघडीच होती. तृप्तीने शेडमधली दोन वर्षांची मोगी आठवली. दहावी उजळली. मग तिने फोनवरचा तो आवाज मनात आणला.

फरीदा पडद्याकडे बघत खुर्चीत पुढे सरकली. नवी जागा उघडली होती. तृप्तीने आवाज मनातून काढून टाकला, दुसरंच काही आठवलं, पाण्याचा ग्लास मागितला. नवी जागा मिटली नाही. दहावीच्या शेजारी ती तिच्या वेगळ्या चालीने चालत राहिली. मग फरीदाने ठिपके लावले, तरी तृप्तीने पुन्हा नऊ धरले.

"आता तुम्ही नुसत्या बसलात तरी दोघी धरलेल्या आहेत," फरीदा म्हणाली. "आणि तुमच्या जागा आता दहा नाहीत, अकरा आहेत. अशी वाढ कुठे नोंदवलेली नाही."

"म्हणजे ही ती नव्हे?"

फरीदाने दोन्ही जागा पडद्यावर शेजारीशेजारी आणून बघितल्या. दोन मुली वेगळ्या असतील तर दोन जागा लागतीलच. पण तीच मुलगी पंधरा वर्षांनी मोठी होऊन आली, तर मेंदू तिला तीच समजेल की दुसरी, हे कुणी तपासलेलं नाही. फरीदा पुढे म्हणाली, "यंत्राला एवढंच कळतं, की तुम्ही दोघींवर नजर ठेवून आहात."

ठोक्यांबद्दल फरीदाने विचारलं नाही आणि तृप्तीनेही विषय काढला नाही.

मार्चमध्ये युवा केंद्राचं शिबिर असतं, चार दिवसांचं. ते चौदा गावांपुरतंच होतं. तृप्तीने केदारला विचारलं, ज्यांच्या आईबापांनी ही धावपट्टी बांधली त्यांचं गाव कितवं धरायचं? केदारने ते बैठकीत मांडलं. बरीच चर्चा झाली आणि बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी दहा जागा वाढवल्या गेल्या. पहिल्या यादीत मोगी वळवीचं नाव आहे. परीक्षा झाली की येते, असं तिने कळवलं आहे. तृप्तीने तिच्यासाठी घरातली शर्वीची खोली झाडून ठेवली आहे. पाळणाघरातल्या बायकांनी विचारलं, तुमची कोण येणार आहे ताई? एक मुलगी येणार आहे, एवढंच तृप्ती म्हणाली.